हिपहॉपमधील प्रादेशिक कलह आणि अभिरुचीचा प्रश्न

अमेरिकेतील हिपहॉपचा इतिहास बहुधा दोन किनाऱ्यांच्या वैराचा इतिहास म्हणून सांगितला जातो. पूर्वेला न्यूयॉर्क, पश्चिमेला लॉस एंजेलिस. एकीकडे बॅड बॉय ही ध्वनिमुद्रण संस्था, दुसरीकडे डेथ रो. आणि या दोहोंच्या मध्ये दोन तरुण कलावंतांचे मृत्यू. टूपाक शकूर हा सप्टेंबर १९९६ मध्ये लास वेगास येथे गोळीबारात जखमी होऊन मरण पावला. त्यानंतर सहा महिने पूर्ण होण्यापूर्वीच, ९ मार्च १९९७ रोजी, नटोरियस बी. आय. जी. ऊर्फ बिगी याची लॉस एंजेलिसमध्ये हत्या झाली. ही हकीकत इतकी नाट्यमय आहे की तिच्यामुळे मूळ प्रश्न झाकला जावा, यात नवल नाही.

तो मूळ प्रश्न मूल्यमापनाचा आहे. एका प्रदेशात जे गीत श्रेष्ठ ठरावे तेच दुसऱ्या प्रदेशात नीरस वाटावे, आणि तेही एकाच वंशाच्या, बहुतांशी एकाच आर्थिक थरातील, एकच भाषा बोलणाऱ्या श्रोत्यांना वाटावे, असे का घडले? व्यक्तिगत वैमनस्य व व्यापारी स्पर्धा ही कारणे खोटी नव्हेत; परंतु त्यांनी कलावंतांच्या भांडणाचा उलगडा होतो, रसिकांच्या मतभेदाचा होत नाही. येथे प्रतिपादन करावयाचे आहे ते असे की, प्रत्येक प्रदेशाची अभिरुची ही तेथील श्रवणाच्या परिस्थितीतून घडली. न्यूयॉर्कची अभिरुचीही याला अपवाद नव्हती. परंतु जन्मस्थानाचा मान तिच्याकडे होता आणि समीक्षेची साधनेही तेथेच एकवटली होती. त्यामुळे एका प्रांताची आवड हाच साऱ्या कलाप्रकाराचा निकष मानला गेला. त्याचा खरा फटका पश्चिमेला बसला नाही. तो दक्षिणेला बसला.

हिपहॉपच्या उगमकथेतच या दृष्टीने विचार करण्यासारखा एक तपशील आहे. ११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्राँक्स विभागातील १५२०, सेजविक अव्हेन्यू या इमारतीत सिंडी कँपबेल या मुलीने एक नृत्यसमारंभ योजला. तिचा भाऊ क्लाइव्ह, म्हणजेच डी. जे. कूल हर्क, तबकड्या वाजवीत होता. तो १९६७ मध्ये जमैकातून न्यूयॉर्कला आला होता आणि भल्यामोठ्या ध्वनिक्षेपकांवर संगीत वाजवून लोकांना नाचवण्याची जमैकातील रीत त्याच्या ओळखीची होती. गायन थांबून केवळ तालवाद्ये वाजू लागली की नर्तक विशेष उत्साहित होतात, हे त्याने हेरले. आणि तोच तुकडा दोन तबकड्यांच्या साहाय्याने लांबवीत नेण्याची युक्ती काढली. या वाजवण्यावर जे बोलणे होई ते लोकांना हाकारण्यापुरते, नाचणाऱ्यांची नावे घेण्यापुरते असे. म्हणजे आरंभी ठेका हा धनी होता आणि शब्द त्याचा चाकर. पुढे ज्या दक्षिणेला 'केवळ नाचायचे संगीत' म्हणून न्यूयॉर्कने हिणवले, त्या दक्षिणेची अभिरुची ही वस्तुतः न्यूयॉर्कचीच पहिली अभिरुची होती.

हा धनी-चाकराचा संबंध केव्हा उलटला, हे नेमके सांगणे कठीण. तथापि, त्या पालटाची एक खूण दाखवता येते. डिसेंबर १९८१ मध्ये हार्लेम वर्ल्ड या सभागृहात बिझी बी आणि कूल मो डी यांचा सामना झाला. बिझी बी हा जमावाला चेतवण्यात वाकबगार. घोषणा द्यावी, श्रोत्यांकडून प्रतिसाद घ्यावा, सभागृह डोलवावे, ही त्याची हातोटी. कूल मो डीने जमावाला हाकारण्याऐवजी प्रतिस्पर्ध्यालाच लक्ष्य केले आणि बांधेसूद, यमकबद्ध उपहासाची सरबत्ती केली. त्या रात्री जुन्या पद्धतीवर नव्या पद्धतीने मात केली, असे तेव्हापासून मानले जाते. श्रोत्यांना नाचवणारा मागे पडला आणि त्यांना ऐकावयास लावणारा पुढे आला. हा विजय मोठाच होता. पण विजयाबरोबर एक गोष्ट हरवलीही, तिची दखल न्यूयॉर्कच्या समीक्षेने क्वचितच घेतली.

स्पर्धा ही या कलेला बाहेरून जडलेली व्याधी नव्हे, ती तिच्या घडणीतच आहे. मोहल्ल्यामोहल्ल्यांतील चढाओढ तर प्रारंभापासून होती. मार्ली मार्ल या संगीतयोजकाने एम. सी. शॅन याच्याकडून क्वीन्सब्रिज या आपल्या वसाहतीचा गौरव करणारे एक गीत म्हणवून घेतले. त्याला ब्राँक्सच्या बूगी डाउन प्रॉडक्शन्सने, म्हणजे के. आर. एस.-वन आणि स्कॉट ला रॉक यांनी, १९८६-८७ मध्ये जी उत्तरे दिली त्यांचा गाभा एकच होता : हिपहॉपचे जन्मस्थान ब्राँक्स होय, अन्य कोणी तो मान सांगू नये. गंमत अशी की शॅनच्या गीतात तसा दावा नव्हताच. ते केवळ आपल्या वस्तीतील आरंभाविषयी होते, असे तो पुढे सांगत राहिला. एका गैरसमजावर उभा राहिलेला हा वाद कलेच्या दृष्टीने मात्र फलदायी ठरला. मराठी वाचकाला येथे कलगीतुऱ्याची आठवण होणे साहजिक आहे. शक्ती श्रेष्ठ की शिव श्रेष्ठ, या वादात उभय पक्ष एकमेकांना कूटप्रश्नांनी अडवीत. पण चांगले कवन कोणते, याविषयी कलगीवाला आणि तुरेवाला यांच्यात मतभेद नसे. क्वीन्सब्रिज आणि ब्राँक्स यांचेही तसेच होते. भांडण मानाचे होते, निकषाचे नव्हते. निकषाचे भांडण हिपहॉपने शहराची वेस ओलांडल्यावर सुरू झाले.

न्यूयॉर्कचा तो निकष कसा होता? लाँग आयलंडच्या राकिमने १९८७ मध्ये 'पेड इन फुल' या ध्वनिमुद्रिकेत ओळीच्या अखेरीस येणारे यमक ओळीच्या पोटात नेले, वाक्य एका ओळीतून दुसरीत वाहू दिले आणि आवाज चढवण्याऐवजी शांत ठेवला. येथून पुढे अंतर्यमकांची दाट वीण, अनेक अक्षरांचे प्रास, श्लेष, आणि बोलण्याच्या लयीचे ठेक्याशी चाललेले सूक्ष्म झगडे यांना मोल आले. त्याच वर्षी बाजारात आलेल्या एस. पी.-१२०० या यंत्रात जुन्या ध्वनिमुद्रणांचे सुमारे दहा सेकंदांचेच तुकडे साठवता येत आणि ते किंचित खरबरीत होऊन बाहेर पडत. या अडचणीतूनच न्यूयॉर्कचा तो तुटक, धुरकट, कोरडा नाद जन्मला. शिवाय हे शहर भुयारी रेल्वेने आणि पायी फिरणारे. कानावर हेडफोन चढवून, गर्दीत एकट्याने ऐकणाऱ्या श्रोत्याला शब्द पुनःपुन्हा ऐकून उकलण्याची सवड असते. किंबहुना तोच त्याचा विरंगुळा असतो. क्वीन्सब्रिजच्याच नॅसचा १९९४ मधील 'इलमॅटिक' हा संग्रह या अभिरुचीचे परिपक्व फळ होय. खिडकीशी बसून खालची वस्ती न्याहाळणाऱ्या विशीतील तरुणाची ती दृष्टी, तिच्यातील तपशिलांची नेमकी निवड, ही कोणत्याही निकषाने उत्तम कविता ठरावी. न्यूयॉर्कचा निकष खोटा होता असे म्हणण्याचा येथे मुळीच हेतू नाही.

दोष निकषात नव्हता, त्याच्या व्याप्तीच्या कल्पनेत होता. 'द सोर्स' हे नियतकालिक १९८८ मध्ये हार्वर्डच्या विद्यार्थ्यांनी एका लहानशा पत्रिकेच्या रूपाने सुरू केले. पुढे ते न्यूयॉर्कला गेले आणि काही काळ या क्षेत्रातील प्रमाणग्रंथ बनले. उत्कृष्टतेचे प्रतीक म्हणून ते पाचपर्यंत मायक्रोफोन बहाल करी. 'इलमॅटिक'ला पाच मिळाले, डॉ. ड्रेच्या 'द क्रॉनिक'ला साडेचार. अर्ध्या मायक्रोफोनावरून फार मोठे अनुमान काढू नये हे खरे. परंतु त्यापूर्वी कॅलिफोर्नियाच्या ज्या संग्रहाला पाच मायक्रोफोन मिळाले होते, तो आइस क्यूबचा १९९० मधील संग्रह न्यूयॉर्कच्या बाँब स्क्वाड या संगीतयोजकांच्या सहकार्याने सिद्ध झाला होता, हे ध्यानात घेतले की अनुमान तितकेसे धाडसी वाटत नाही. पश्चिमेचा कवी पूर्वेच्या ठेक्यावर बोलला तेव्हा त्याला पूर्ण गुण मिळाले.

लॉस एंजेलिसची परिस्थिती निराळी होती. ते मोटारींचे शहर. संगीत तेथे खाजगी खोलीत वा भुयारात ऐकले जात नाही. ते उन्हात, काचा खाली करून, रुंद रस्त्यांवरून वाहनाच्या गतीने ऐकले जाते, आणि मालकाइतकेच ते शेजाऱ्यालाही ऐकू जावे अशी अपेक्षा असते. १९८० नंतरच्या दशकात के. डे या नभोवाणी केंद्राने रॅपला दिवसभर स्थान दिले आणि तेथील आरंभीचे कलावंत विजेच्या वाद्यांवर, नाचण्याजोग्या द्रुत चालीत रचना करीत. एन. डब्ल्यू. ए. या काँप्टनच्या संघाने १९८८ मध्ये 'स्ट्रेट आउटा काँप्टन' काढून त्या गावाचे नाव जगभर नेले. त्यातील पोलिसांविषयीच्या गीतामुळे १९८९ मध्ये केंद्रीय गुप्तचर खात्याच्या एका अधिकाऱ्याने ध्वनिमुद्रण संस्थेला निषेधाचे पत्रही धाडले. तथापि, खरी क्रांती ड्रेने १९९२ च्या अखेरीस 'द क्रॉनिक'मध्ये केली. जुन्या तबकड्यांचे तुकडे जोडण्यावरच भिस्त न ठेवता त्याने वादकांकडून पार्लमेंट-फंकाडेलिकसारख्या संघांच्या चाली पुन्हा वाजवून घेतल्या, चाल संथ केली, खाली लांबट खर्ज ठेवला आणि वर संथिसायझरचा तो बारीक, वळणे घेणारा स्वर सोडला. स्नूप डॉगी डॉग या रचनांवर जणू पहुडून बोलतो. त्याचे यमक साधे असते. त्याची करामत आळसावलेल्या उच्चारात आणि समेवर किंचित उशिरा येण्यात आहे. न्यूयॉर्कच्या कानाला हा आळस वाटला. तो आळस नव्हता, ती लय होती.

पूर्वेकडील नाराजीचे सर्वांत सुसंस्कृत रूप मात्र न्यूयॉर्कमध्ये नव्हे, शिकागोत प्रकट झाले. कॉमन याने १९९४ मध्ये एक रूपक रचले : हिपहॉप म्हणजे बालपणीची सखी, ती पश्चिमेकडे गेली, श्रीमंतीच्या व गुंडगिरीच्या संगतीत बिघडली. रूपक कुशल होते. पण बिघडण्यापूर्वीची शुद्धता कोठे नांदत होती, याविषयी त्यात शंका ठेवलेली नाही. आइस क्यूब आणि त्याच्या साथीदारांनी संतापून उत्तर दिले, हे अपेक्षितच होते. येथे लक्षात घ्यावयाची गोष्ट ही की कॉमन हा पूर्व किनाऱ्याचा रहिवासी नाही. निकष स्वीकारण्यासाठी त्या प्रदेशात राहावे लागत नाही. उलट, ब्राँक्सच्या टिम डॉगने १९९१ मध्येच काँप्टनला उद्देशून शिवीगाळ केली होती, तिच्यात निकष म्हणावा असा कोणताच नव्हता. होता तो केवळ मत्सर, आपली बाजारपेठ हातची जात असल्याचा.

या दोन किनाऱ्यांच्या भांडणात प्रदेश हा शब्द किती सैल अर्थाने वापरला जात होता, याला टूपाकइतके बोलके उदाहरण नाही. पश्चिमेचा हा कैवारी १९७१ मध्ये न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात जन्मला, किशोरवयात बाल्टिमोरच्या कलाशाळेत शिकला आणि त्यानंतर कॅलिफोर्नियात गेला. तिकडे बिगी याने आपल्या अखेरच्या संग्रहात क्लीव्हलंडच्या बोन थग्ज-एन-हार्मनी या संघाबरोबर एक गीत केले. त्यात आपली भारदस्त, सावकाश शैली बाजूला सारून त्याने मध्य-पश्चिमेची ती गायनाकडे झुकणारी अतिद्रुत लय आत्मसात केली. कलावंतांचे कान किनाऱ्यांच्या सीमा मानीत नव्हते. सीमा मानीत होते ते चाहते, वृत्तपत्रे आणि विक्रेते.

३ ऑगस्ट १९९५ रोजी न्यूयॉर्कमध्ये 'द सोर्स'चा पारितोषिक समारंभ झाला. डेथ रोच्या चालकाने व्यासपीठावरून बॅड बॉयच्या चालकाची जाहीर टवाळी केली. स्नूपने तुमचे आमच्यावर प्रेम नाही का, असे श्रोत्यांना आव्हानाच्या सुरात विचारले. आणि पुढच्या दुर्घटनांची पूर्वछाया म्हणून ही रात्र इतिहासात नोंदली गेली. त्याच रात्री नवोदित संघाचे पारितोषिक अटलांटाच्या आउटकास्टला मिळाले आणि सभागृहाने त्यांची हुर्यो उडवली. तेव्हा आंद्रे याने थोडक्यात एवढेच सुनावले की दक्षिणेलाही काही सांगावयाचे आहे. त्या घटकेला त्या वाक्याकडे कोणाचे फारसे लक्ष गेले नसावे. भांडण दोघांचे होते आणि हा तिसरा मध्येच बोलत होता. आज मागे वळून पाहता त्या रात्रीतील समीक्षेच्या दृष्टीने महत्त्वाची घटना तीच होती.

दक्षिणेचा प्रश्न पश्चिमेपेक्षा अवघड होता. लॉस एंजेलिसची लय वेगळी असली तरी तेथेही कथा होती, पात्र होते, निवेदन होते. न्यूयॉर्कच्या समीक्षकाला हाती धरण्यास काही मिळत होते. दक्षिणेतील पुष्कळशा संगीतात ते मिळत नसे. मायामीचे उदाहरण घ्यावे. १९८२ मध्ये ब्राँक्सच्या आफ्रिका बंबाटाने 'प्लॅनेट रॉक' हे गीत काढले. त्यात जर्मनीच्या क्राफ्टवेर्कची धून आणि जपानच्या रोलंड कंपनीचे ८०८ हे तालयंत्र यांचा संयोग होता. हे यंत्र १९८० ते १९८३ एवढाच काळ तयार झाले. त्याचा नाद खऱ्या ढोलासारखा नाही अशी तक्रार होती. न्यूयॉर्कने लवकरच त्या नादाकडे पाठ फिरवली. फ्लॉरिडाने तो उचलला, त्याचा खर्ज लांबवला आणि मोटारीच्या डिकीत बसवलेल्या अजस्र ध्वनिक्षेपकांतून तो असा घुमवला की तो कानांपेक्षा छातीला अधिक जाणवावा. ढोलाचा आघात आणि खर्जाचा स्वर येथे एक झाले. पुढे अटलांटाच्या ट्रॅप संगीताचा आणि त्यायोगे २०१० नंतरच्या जवळजवळ सर्व लोकप्रिय अमेरिकन संगीताचा पाया हाच नाद ठरला. न्यूयॉर्कने टाकून दिलेली वस्तू दक्षिणेने तीस वर्षे सांभाळली, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

मायामीच्या टू लाइव्ह क्रू या संघावर तर कायद्याचेच संकट आले. (हा संघही मूळचा कॅलिफोर्नियाचा, हे जाता जाता नमूद करावे.) जून १९९० मध्ये फ्लॉरिडातील एका केंद्रीय न्यायाधीशाने त्यांचा १९८९ चा संग्रह अश्लील ठरवला. त्याच वर्षी कलावंतांवर स्वतंत्र खटला चालला, त्यात हेन्री लुई गेट्स या विख्यात समीक्षकाने साक्ष देऊन या गीतांतील अतिशयोक्तीचा आणि विडंबनाचा संबंध कृष्णवर्णीयांच्या जुन्या मौखिक परंपरेशी जोडून दाखवला. कलावंत निर्दोष सुटले. १९९२ मध्ये वरिष्ठ न्यायालयाने मूळ निर्णयही फिरवला. त्याचे कारण मननीय आहे. सरकारपक्षाने ध्वनिफितीखेरीज कोणताही पुरावा दिला नव्हता. आणि न्यायाधीशाने ती केवळ ऐकली एवढ्यावरून तिला कलामूल्य नाही असा निष्कर्ष काढता येत नाही, असे न्यायालयाने म्हटले. ऐकणाऱ्याचा कान कोणत्या संस्कारात घडला आहे हा प्रश्न समीक्षेने विचारावयास हवा होता. तो आधी न्यायालयाने विचारला. मात्र येथेही एक उणीव राहून गेली. गेट्स यांचा बचाव शब्दांचा होता. त्या संगीताचे खरे सामर्थ्य ज्या खर्जात होते त्याची बाजू कोणीच मांडली नाही, कारण ती मांडण्याची परिभाषाच सिद्ध झालेली नव्हती.

न्यू ऑर्लिन्सची गोष्ट याहूनही उद्बोधक आहे. क्वीन्सच्या शोबॉइज या संघाने १९८६ मध्ये 'ड्रॅग रॅप' नावाची एक तबकडी काढली. न्यूयॉर्कमध्ये ती विस्मृतीत गेली. पण न्यू ऑर्लिन्समध्ये, आणि मेंफिसमध्येही, तिच्या ठेक्याने लोकांना असे पछाडले की १९९१ पासून तिच्याच तुकड्यांवर 'बाउन्स' ही एक संपूर्ण शैली उभी राहिली. बाउन्सच्या गीतात कथा नसते, रूपक नसते, बहुधा धड वाक्यही नसते. वस्त्यांची, प्रभागांची, शाळांची नावे पुकारली जातात आणि त्या त्या ठिकाणचे लोक ओरडून उत्तर देतात. कागदावर उतरवले तर हे काहीच उरत नाही. परंतु कागदावर उतरवून पाहणे हीच येथे चूक आहे. ज्या शहरात वाद्यवृंदामागून सारी वस्ती रस्त्यावर नाचत निघण्याची प्रथा आहे, तेथे श्रोता हा रचनेचा अर्धा भाग असतो. तो वजा करून केलेले मूल्यमापन अर्ध्या कृतीचेच होते. बिझी बीने १९८१ मध्ये जे गमावले, ते येथे जिवंत होते.

ह्यूस्टनने तर काळाचीच मोडतोड केली. डी. जे. स्क्रू हा आपल्या ध्वनिफितींवर इतरांची गीते संथ करून, मधले तुकडे तोडून व पुन्हा वाजवून मुद्रित करी आणि त्या घरूनच विकत असे. गती उतरली की स्वरही उतरतो, आवाज जड होतो, शब्दांमधील अंतर वाढते. या शैलीचे मूळ तेथील तरुणांत बोकाळलेल्या कोडीनयुक्त खोकल्याच्या औषधाच्या व्यसनात आहे, असे अनेकदा सांगितले जाते. २००० मध्ये स्क्रूचा अकाली मृत्यू झाल्यावर तर तेच एकमेव स्पष्टीकरण झाले. हे स्पष्टीकरण आळशी आहे. व्यसनाने ऐकणाऱ्याची मनःस्थिती सांगता येईल, संपादनातील कौशल्य सांगता येणार नाही. विस्तीर्ण, उष्ण, सपाट शहरात मोटारीने सावकाश फिरणाऱ्या श्रोत्याला तीच गीते नव्याने ऐकवण्याची ही कला होती. आणि विरोधाभास असा की, न्यूयॉर्कला जे शब्द इतके प्रिय, ते या संथ गतीत कधी नव्हे इतके स्पष्ट ऐकू येतात. ह्यूस्टन विद्यापीठाच्या ग्रंथालयाने स्क्रूच्या तबकड्यांचा संग्रह जतन केला आहे; विद्वत्तेला पोहोचण्यास उशीर झाला, पण ती पोहोचली.

दक्षिणेवरील अन्यायाचे दुसरे रूप अधिक सूक्ष्म आहे. निंदेपेक्षा ते स्तुतीत आढळते. 'द सोर्स'ने १९९८ मध्ये आउटकास्टच्या 'अक्वेमिनी'ला आणि २००२ मध्ये ह्यूस्टनच्या स्कारफेसच्या 'द फिक्स'ला पाच मायक्रोफोन दिले. दोन्ही गौरव सर्वस्वी योग्य होते. स्कारफेस हा अपराधी मनाचा, मृत्यूच्या भयाचा मोठा कवी आहे. गेटो बॉइजच्या १९९१ च्या गीतातील त्याचे भ्रमिष्ट निवेदन आजही अस्वस्थ करते. परंतु या दोघांची निवड पाहता असे दिसते की, दक्षिणेतील जे कलावंत शब्दांच्या कसोटीला उतरत होते तेवढेच आत घेतले गेले. ते दक्षिणेचे प्रतिनिधी म्हणून नव्हे, अपवाद म्हणून गौरवले गेले. अपवाद मान्य केल्याने नियम अधिकच पक्का होतो. १९९८ मध्येच आलेल्या जुव्हेनाइलच्या '४०० डिग्रीझ'मागील मॅनी फ्रेश याची ठेक्याची कारागिरी, किंवा मेंफिसच्या थ्री सिक्स माफियाने घरगुती ध्वनिफितींतून घडवलेला तो भयाण, घुमटातल्यासारखा नाद, यांना मोजण्यास त्या कसोटीत एककच नव्हते. थ्री सिक्स माफियाला २००६ मध्ये ऑस्कर मिळाले, तेव्हा अनेक जाणकारांनी आश्चर्य व्यक्त केले. त्या आश्चर्यातच या प्रकरणाचे मर्म आहे.

यावर एक आक्षेप संभवतो. प्रत्येक प्रदेशाला त्याचा निकष बहाल केला तर कोणत्याही कृतीला वाईट म्हणण्याची सोयच उरत नाही. समीक्षा ही केवळ परस्परांचे कौतुक होऊन बसेल. आक्षेप गंभीर आहे, पण अटळ नाही. कृतीला तिच्या श्रवणपरिस्थितीच्या निकषाने पारखणे म्हणजे तिला पारखण्यातून सूट देणे नव्हे. २००३ नंतर क्रंक शैलीची जी लाट आली तिच्यातील पुष्कळ गीते नृत्यगृहातही पोकळ ठरली. तेथील नर्तकांनीच ती टाकली. अटलांटात नवी गीते प्रथम मॅजिक सिटीसारख्या विवस्त्र नृत्याच्या क्लबांत वाजवून पाहण्याची पद्धत होती. ती सभ्य नसेल, पण कठोर होती. एखादे गीत अशा कसोटीत नापास झाले म्हणून नीरस म्हणणे, आणि त्यात अंतर्यमके नाहीत म्हणून नीरस म्हणणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. नॅसने २००६ मध्ये आपल्या संग्रहाच्या शीर्षकातच हिपहॉप मृत झाल्याचे घोषित केले, तेव्हा दक्षिणेतील अनेकांना तो आपल्यावरील आरोप वाटला. त्या वेळी विक्रीत दक्षिणच अग्रभागी होती आणि त्यापूर्वी दोनच वर्षे आउटकास्टने वर्षातील सर्वोत्कृष्ट संग्रहाचे ग्रॅमी पारितोषिक मिळवले होते. मरण पावले असलेच तर ते हिपहॉप नव्हते. एका शहराचे त्यावरील स्वामित्व होते. नॅससारख्या थोर कवीला हा भेद दिसू नये, यावरून तो निकष किती खोल रुजला होता याची कल्पना येते.

आंतरजालाने श्रवणाची परिस्थितीच बदलली आणि तिच्याबरोबर प्रदेशाचा अर्थही. हार्लेमचा एसॅप रॉकी २०११ मध्ये पुढे आला तो ह्यूस्टनच्या संथ, जड नादावर स्वार होऊन. ज्या वस्तीत कूल मो डीने शब्दाचे राज्य स्थापले तेथील तरुणाला आता स्क्रूचा वारसा जवळचा वाटला. शिकागोत २०१२ च्या सुमारास चीफ कीफमुळे गाजलेली ड्रिल ही शैली लंडनला गेली, तेथे तिचा खर्ज सरपटू लागला. आणि २०१९ मध्ये ब्रुकलिनच्या पॉप स्मोकने ज्या गीताने नाव मिळवले त्याचे संगीत ८०८ मेलो या लंडनच्या संगीतयोजकाचे होते. अशा गीताला कोणत्या प्रदेशाचे म्हणावे? नादावरून गाव ओळखण्याचे दिवस सरले.

तरीही भांडण मिटले नाही, त्याचा विषय बदलला. २०२४ मध्ये काँप्टनचा केंड्रिक लमार आणि टोरोंटोचा ड्रेक यांच्यात जो सामना झाला त्यात ड्रेकवरील एक मुख्य आरोप असा होता की, त्याने अटलांटाच्या कलावंतांची संगत आपल्या प्रतिष्ठेसाठी वापरली. त्याचे संगीत वाईट आहे असा हा आरोप नव्हता. त्या संगीतावर त्याचा हक्क नाही असा होता. निकषाची जागा अधिकाराने घेतली. विशेष हे की, हा आरोप करणारे गीत लमारने मस्टर्ड या लॉस एंजेलिसच्याच संगीतयोजकाच्या उसळत्या, पूर्णपणे स्थानिक ठेक्यावर रचले. आणि १९ जून २०२४ रोजी इंगलवुड येथील सभागृहात, त्या शहराच्या कलावंतांना आणि निरनिराळ्या वस्त्यांतील माणसांना व्यासपीठावर एकत्र आणून, ते एकाच कार्यक्रमात लागोपाठ पाच वेळा सादर केले. श्रोते प्रत्येक वेळी शब्दन्‌शब्द त्याच्याबरोबर म्हणत होते, आणि नाचत होते.